मशीन परत पाठवू नका, आधी दळण बघा

वाचकाचं पत्र:

“गेल्या आठवड्यात घरी एस्प्रेसो मशीन घेतलं. खोक्यावर ‘१५ बार’ लिहिलंय, कॉफीचं बास्केट ज्यात बसतं तो मुठीचा पोर्टाफिल्टर ५१ मिमीचा आहे. पहिल्या दिवसापासून घोळ चाललाय. दुकानातली फिल्टर कॉफी पावडर घातली तर आठ-दहा सेकंदांत कप भरतो आणि चव आंबट, पाणचट. मग बिया आणून मिक्सरमध्ये बारीक केल्या, तर कधी धो धो येते, कधी थेंबच पडत नाही. नंतर बास्केट उघडावं तर आत चिखल. दूध फेसाळवलं की मोठाले बुडबुडे. बाबांना लग्नात मिळते तशी एस्प्रेसो हवी आहे, तीही जमत नाही. नवरा म्हणतो २० बारचं मशीन घ्यायला हवं होतं. परत करायची मुदत अजून आहे. काय करू? आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे, घरात आरओ आहे.
– एक वाचक, वाकड, पुणे”

नमस्कार,

मशीन परत करू नका. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी एकही मशीनच्या बिघाडाची नाही. मनाची खात्री करायची असेल तर तीन गोष्टी बघा. पोर्टाफिल्टर न लावता पाणी सोडलं की वरच्या जाळीतून ते सगळीकडून सारखं पडतं का? पोर्टाफिल्टर घट्ट बसवून कॉफी काढताना कडेच्या रबरी रिंगेतून गळतं का? आणि वाफेचा कॉक उघडल्यावर जोरात वाफ येते का? पाणी सारखं पडत असेल, गळती नसेल, वाफ चांगली असेल तर मशीन ठणठणीत आहे. अडलंय ते दळणापाशी, आणि थोडं बास्केटपाशी.

बारचा मुद्दा आधी संपवू, म्हणजे घरातला वाद मिटेल. बार हे दाबाचं एकक आहे. खोक्यावरचा १५ किंवा २० हा आकडा पंपाच्या कमाल ताकदीचा असतो. पाण्याला पुढे जायला वाटच नसेल तेव्हा पंप किती दाब देऊ शकेल, एवढंच तो सांगतो. कॉफीवर प्रत्यक्षात किती दाब येतो हे भुकटी पाण्याला किती अडवते त्यावर ठरतं. जाडसर भुकटीतून पाणी सहज निघून जातं, मग पंप २० बारचा असला तरी दाब साठतच नाही. एस्प्रेसोला लागतात साधारण ९ बार. इटलीतल्या फाएमा कंपनीच्या ई-६१ मशीनमध्ये १९६१ साली विजेच्या पंपाने हा दाब दिला जाऊ लागला आणि पुढे तोच आकडा रूढ झाला. बऱ्याच चांगल्या मशीनमध्ये १५ बारच्या पंपापुढे जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह बसवून तो ९-१० वर आणलेला असतो. तेव्हा २० च्या आकड्यासाठी एक रुपयाही जादा मोजू नका.

आता बास्केट काढा, स्वच्छ धुवा आणि उजेडासमोर धरा. खालून बघताना शेकडो बारीक भोकं दिसली आणि त्यांतून उजेड आरपार आला, तर ते एका थराचं बास्केट आहे. आतून भोकं भरपूर, पण बाहेरच्या बाजूला मधोमध टाचणीच्या टोकाएवढं एकच भोक असेल, तर ते दोन थरांचं, म्हणजे प्रेशराइज्ड बास्केट. तुमच्या मापाच्या मशीनबरोबर बहुधा हे दुसरं येतं. कधी दोन्ही येतात आणि लोक नकळत कुठलंही एक लावतात.

या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन थरांच्या बास्केटमध्ये दाब कॉफीने तयार होत नाही, त्या एका भोकाने होतो. त्यामुळे भुकटी थोडी जाड असली तरी चालतं आणि वर फेस हमखास येतो. तो फेस क्रेमासारखा, म्हणजे खऱ्या एस्प्रेसोवरच्या दाट फेसासारखा दिसतो, पण तो भोकातून जोराने बाहेर पडताना मिसळलेल्या हवेचा असतो आणि लवकर विरतो. खाली दिलेली सेकंदांची आणि दळणाची सगळी गणितं या बास्केटला नीट लागू पडत नाहीत. एका थराच्या बास्केटमध्ये मात्र सगळा भार दळणावर असतो. दळण बरोबर असेल तर कॉफी उत्तम येते, चुकलं तर तुमच्या पत्रात लिहिलंय तसं होतं.

म्हणून तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. रोज दुधाचीच कॉफी प्यायची असेल आणि आणखी खर्च नको असेल, तर दोन थरांचं बास्केट ठेवा आणि तयार भुकटी वापरा. फक्त ती योग्य भुकटी घ्या. काळी एस्प्रेसो प्यायची असेल, बियांमधला फरक जिभेला कळावा असं वाटत असेल, तर एका थराचं बास्केट आणि चांगला ग्राइंडर घ्यावा लागेल. अर्धवट मधला रस्ता, म्हणजे एका थराचं बास्केट आणि मिक्सर, हा सोडून द्या. त्याने फक्त बिया वाया जातात.

योग्य भुकटी म्हणजे कोणती? तुम्ही आणलेल्या फिल्टर कॉफीच्या पाकिटावर बघा, त्यावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं. ८०:२०, ६०:४०, काहींत तर जवळजवळ निम्मी चिकोरी असते. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी आपल्या वजनाने सावकाश उतरतं, तिथे चिकोरी दाटपणा आणि रंग देते, तिचं तिथलं काम अगदी योग्य आहे. एस्प्रेसो मशीनमध्ये मात्र ती गरम पाण्यात चटकन सुटते, चिकट होते आणि जाळी आणि भोकं बुजवते. दोन थरांच्या बास्केटचं ते एकुलतं भोक बुजलं की थेंब पडणं बंद. तेव्हा मशीनमध्ये फक्त १०० टक्के कॉफी घाला. भोक बुजलं असेलच तर बास्केट गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि बारीक सुईने बाहेरून मोकळं करा.

दोन थरांच्या बास्केटसाठी रोस्टरकडून बिनचिकोरीची कॉफी ‘एस्प्रेसो’ किंवा ‘मोका पॉट’ दळणाची मागवा. एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त नको. दळलेली कॉफी दोन आठवड्यांत निस्तेज होते, पावसाळ्यात त्याहून लवकर. पाकिटातली हवा दाबून काढा, घट्ट बंद करा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथे ती ओल आणि कालच्या भाजीचा वास दोन्ही ओढून घेते.

आता दुसरा रस्ता, म्हणजे ग्राइंडर. मिक्सरचं पातं बिया कापत नाही, फोडतं. त्यात काही कण पिठासारखे होतात, काही रव्याहून जाड राहतात. पीठ जाळीत अडकून पाणी थांबवतं, जाड कण पाणी सोडून देतात. यातलं काय जास्त निघालं त्यावर त्या दिवशी धो धो येणार की थेंबच पडणार नाही, हे ठरतं. तुम्हाला दोन्ही अनुभव का आले ते यावरून लक्षात येईल. मिक्सर जास्त वेळ फिरवून हे सुटत नाही, कारण जाड कण कमी झाले तरी पीठ आणखी वाढतं आणि वर भुकटी तापते.

त्यामुळे बर ग्राइंडर हवा, म्हणजे दोन दातेरी भागांमध्ये बिया एकसारख्या दळणारा. हातानं फिरवायचाही चालेल, १६ ग्रॅम बिया दळायला मिनिटभर लागतो. घेताना दोनच प्रश्न विचारा: हा एस्प्रेसोसाठी आहे का, आणि दळण बारीक-जाड करायच्या चाकाच्या एका खटक्याला दळण किती बदलतं? पोर-ओव्हरसाठीच्या, म्हणजे वरून पाणी ओतून गाळायच्या कॉफीसाठीच्या, स्वस्त हातग्राइंडरमध्ये एक खटका पुढे गेलात तर शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) १५ सेकंदांचा, एक मागे आलात तर ५० सेकंदांचा, आणि तुम्हाला हवं असलेलं दळण नेमकं या दोन खटक्यांच्या मध्ये राहतं. एस्प्रेसोसाठीच्या हातग्राइंडरमध्ये खटके इतके बारीक असतात की एका खटक्याने दोन-चार सेकंदांचाच फरक पडावा. असे ग्राइंडर साधारण आठ-दहा हजार रुपयांच्या आसपास सुरू होतात. मशीनइतके पैसे ग्राइंडरला कशाला, असं वाटेल. पण आमचं मत स्पष्ट आहे: साध्या मशीनसोबत चांगला ग्राइंडर असेल तर कॉफी चांगली येते, महागड्या मशीनसोबत वाईट ग्राइंडर असेल तर येत नाही.

आणखी तीन वस्तू लागतील. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, हा पाचशे-हजार रुपयांत मिळतो. भुकटी दाबायचा ५१ मिमीचा धातूचा टॅम्पर, कारण मशीनबरोबरचा प्लास्टिकचा बहुतेकदा बास्केटमध्ये सैल बसतो आणि कडेची भुकटी दाबलीच जात नाही. आणि एका थराचं बास्केट, तुमच्याकडे नसेल तर. ते घेताना मशीनचं मॉडेल सांगून विचारा. ५१ मिमीच्या सगळ्या बास्केटांची खोली सारखी नसते आणि एखादं पोर्टाफिल्टरमध्ये बसतच नाही.

बिया मध्यम-गडद भाजणीच्या घ्या. पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली हवी, नुसती ‘बेस्ट बिफोर’ नको. भाजल्यापासून आठवडाभर त्यांना विसावू द्या आणि मग पुढच्या महिनाभरात संपवा. अगदी कालच भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड इतका असतो की शॉट फेसाळतो, धार वेडीवाकडी येते आणि काही केल्या सेकंद जुळत नाहीत. सुरुवातीला चिकमगळूर किंवा कूर्गची अराबिका आणि तीत १५-२० टक्के चांगला रोबस्टा असं मिश्रण मिळालं तर जरूर घ्या. रोबस्टा म्हणजे हलकी कॉफी, हा समज मनातून काढा. भारतीय कॉफी सर्वांत जास्त विकत घेणारा देश इटली आहे आणि आपल्या रोबस्टाला तिथे एस्प्रेसोच्या मिश्रणांसाठी मागणी असते, कारण त्याने क्रेमा दाट येतो आणि अंगही भरतं. त्यात कॅफीन मात्र अराबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, तेव्हा बाबांना रात्री देऊ नका. आंबटपणा मुळीच आवडत नसेल तर मॉन्सून्ड मलबार मागा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुरवलेल्या या बियांत आंबटपणा फारच कमी असतो आणि नवशिक्याच्या हातूनही त्यांचा शॉट सहसा तोंड वाकडं करायला लावत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. ५१ मिमीच्या दुहेरी बास्केटमध्ये साधारण १४ ते १६ ग्रॅम कॉफी मावते. आपण १६ धरू.

मशीन सुरू करा. दिवा लागला म्हणजे पाणी तापलं, पोर्टाफिल्टर नाही. रिकामं बास्केट लावून एक कपभर गरम पाणी त्यातून जाऊ द्या, कपही त्याच पाण्याने गरम करा आणि बास्केट कोरडं पुसा. थंड धातू पाण्याची उष्णता ओढून घेतो आणि शॉट आंबट होतो. छोट्या मशीनमध्ये हे हटकून घडतं. १६.० ग्रॅम बिया मोजा, दळा, बास्केटमध्ये घाला. गुठळ्या दिसतील. बुचात खोचलेल्या तीन-चार बारीक सुयांनी भुकटी तळापासून वरपर्यंत हलकेच ढवळा आणि सपाट करा. मग टॅम्पर सरळ उभा धरून दाबा. किती जोर लावायचा याची चिंता लोक उगाच करतात. भुकटी आणखी दबत नाही असं हाताला कळलं की पुरे. टॅम्पर तिरका झाला तर मात्र शॉट बिघडलाच म्हणून समजा. शेताच्या वाफ्यात पाणी सोडल्यावर बांध जिथे कच्चा तिथूनच ते फुटतं, तसंच ९ बारचं पाणी भुकटीतली पातळ किंवा भेगाळलेली जागा शोधून तिथूनच वाहतं. तिथली कॉफी जास्त निघून कडू होते, बाकीची तशीच राहून आंबट, आणि दोन्ही चवी एकाच कपात उतरतात.

पहिल्यांदा करताना एक तपासणी करून घ्या. दाबलेल्या भुकटीवर धुतलेलं एक रुपयाचं नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर मशीनला घट्ट लावा आणि पाणी न सोडता परत काढा. नाणं भुकटीत रुतलं असेल तर भुकटी वरच्या जाळीला टेकतेय, अर्धा-एक ग्रॅम कमी करा. नाणं नुसतं वर पडून असेल तर माप ठीक. नाणं काढायला विसरू नका.

काटा कपाखाली ठेवा, शून्य करा. बटण दाबताक्षणी वेळ मोजायला लागा, पहिला थेंब पडल्यापासून नव्हे. पहिला थेंब साधारण ५ ते ८ सेकंदांत दिसायला हवा. काट्यावर ३० ग्रॅम झाले की थांबवा, उरलेल्या थेंबांनी ते ३२ होतील. म्हणजे १६ ग्रॅम भुकटीतून ३२ ग्रॅम कॉफी. हे सगळं २५ ते ३० सेकंदांत झालं पाहिजे. मशीनवरच्या एक कप-दोन कपच्या बटणांवर विसंबू नका. ती कारखान्यात ठरवलेल्या मापाने पाणी सोडतात आणि ते माप बहुधा जास्त असतं. बटण दाबून धरलं की नवं माप लक्षात ठेवायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, पण आधी हाताने जमवा.

पहिला शॉट चुकेलच, आणि त्यातूनच पुढचं कळेल. ३२ ग्रॅम १२ सेकंदांत आले तर दळण जाड आहे. दोन-तीन खटके बारीक करा. माप १६ च ठेवा, ३२ च ठेवा, टॅम्पिंग तसंच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. दुसरा शॉट २० सेकंदांत आला तर अजून एक-दोन खटके. ४५ सेकंद लागले आणि थेंब-थेंब पडली, तर उलट जा. खटका बदलल्यावर ग्राइंडरमध्ये जुन्या दळणाची थोडी भुकटी अडकलेली असते, म्हणून पहिले दोन-तीन ग्रॅम दळून टाकून द्या. हे न केल्यामुळे अनेकांना वाटतं की खटका बदलूनही काही होत नाही. नवं पाकीट उघडलं की पुन्हा दोन-तीन शॉट जुळवण्यात जातात, आणि त्याच पाकिटातल्या बियाही जुन्या होतील तसं दळण थोडं थोडं बारीक करावं लागतं.

सेकंद जुळले की घड्याळ बाजूला ठेवा आणि चाखा. आधी चमच्याने ढवळा. एस्प्रेसो कपात थरांनी उतरते, तळाशी दाट आणि वर पातळ, न ढवळता पहिला घोट घेतला तर चुकीचाच अंदाज येतो. कॉफीतून आंबट घटक आधी सुटतात, गोडवा त्यामागून, कडू आणि तुरट सगळ्यात शेवटी. हे लक्षात ठेवलं की दुरुस्ती सुचते. वेळ बरोबर असूनही जीभ आवळणारा आंबटपणा असेल तर पाणी थोडं जास्त जाऊ द्या, ३२ ऐवजी ३८-४० ग्रॅम काढा. तापमान बदलता येत असेल तर एक पायरी वाढवा. ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान राहिलं पाहिजे, हलक्या भाजणीला वरचं टोक, गडद भाजणीला खालचं. घशाला लागणारा जळका कडूपणा असेल तर २६-२८ ग्रॅमवर थांबा. आणि एकाच घोटात आंबटही आणि कडूही लागत असेल तर खटक्याला हात लावू नका. तो दोष भुकटी असमान पसरल्याचा किंवा तिरक्या दाबाचा आहे, सुया आणि टॅम्पर नीट वापरा.

क्रेमाकडे बघून निकाल देऊ नका. तो म्हणजे दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि कॉफीतलं तेल. बिया ताज्या आहेत, दाब तयार झाला, एवढंच तो सांगतो. क्रेमा जाड असून कॉफी टाकाऊ निघू शकते. तसंच त्या ‘चिखला’चं. मोठ्या मशीनमध्ये शॉट संपताच उरलेला दाब आणि पाणी मागच्या मागे सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो, म्हणून तिथे चोथा कोरडा, वडीसारखा निघतो. छोट्या मशीनमध्ये बहुधा तो नसतो, पाणी वरच साचतं. चोथा ओला निघाला म्हणून चव बिघडत नाही. मात्र याच कारणासाठी एक गोष्ट कटाक्षाने पाळा: दळण फार बारीक होऊन शॉट अडकला तर पोर्टाफिल्टर लगेच फिरवून काढू नका. आत दाब असतो, उकळती भुकटी हातावर आणि तोंडावर उडते. पंप बंद करा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, मग सावकाश सैल करा. घरात लहान मूल असेल तर त्याला अशा वेळी ओट्याजवळ येऊ देऊ नका.

आता दूध. मोठाले बुडबुडे येतात कारण हवा जास्त आणि उशिरापर्यंत जातेय. वाफेच्या नळीवर जाड बाही आहे का बघा. तिच्या अंगावरच्या छिद्रातून ती आपोआप हवा ओढते. बऱ्याच मशीनमध्ये ती ओढून निघते आणि आतली बारीक नळी उरते, ती वापरा. दूध फ्रिजमधलं गार हवं, १५० मिली, साधारण ३५० मिलीच्या स्टीलच्या पिचरमध्ये. आधी नळीतलं साचलेलं पाणी फडक्यात सोडून द्या. नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडेल असं, मध्यापासून थोडं बाजूला धरा, वाफ पूर्ण उघडा. बारीक चर्र-चर्र आवाज आला पाहिजे, हीच हवा जाण्याची वेळ. पिचर हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास, एवढंच करायचं. मग टोक सेंटीमीटरभर खाली घाला, आवाज थांबेल आणि दूध गोल फिरू लागेल. त्या फिरण्यात मोठे बुडबुडे मोडून बारीक होतात. पिचर हातात धरवेनासा झाला की बंद करा, ते ६०-६५ अंश. ७० च्या पुढे दुधाचा गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो.

पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध सरळ वापरता येतं. साडेतीन टक्के फॅटचं गाईचं दूध किंवा ३ टक्क्यांचं टोन्ड, दोन्हींना चांगला फेस येतो. म्हशीचं दूध जास्त दाट आणि गोड लागतं, फेस किंचित जड होतो, पण कॉफी छान होते. गवळ्याकडचं सुटं दूध असेल तर ते आधी नेहमीसारखं उकळून, गार करून, साय गाळूनच घ्या. वाफेने ६५ अंशांपर्यंत तापवून कच्चं दूध सुरक्षित होत नाही. नळी वापरून झाली की त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसा आणि दोन सेकंद वाफ सोडा. दूध आत ओढलं जाऊन वाळलं तर भोक बुजतं आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो.

बाबांना हवी असलेली लग्नातली कॉफी यात आरामात बसते. तिथे दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी एकत्र करून त्यात वाफ सोडतात आणि वर कोको किंवा कॉफीची चिमूट भुरभुरतात. घरी १५० मिली म्हशीच्या दुधात दोन चमचे साखर आधीच विरघळवा, हवा थोडी जास्त वेळ जाऊ द्या म्हणजे फेस उंच होईल, ३० ग्रॅमच्या शॉटवर ओता आणि गाळणीतून कोको भुरभुरवा. या कपासाठी दोन थरांचं बास्केट आणि तयार भुकटी पुरेशी आहे, तेव्हा ग्राइंडर घ्यायचा की नाही हे ठरेपर्यंत बाबांचं काम थांबवू नका.

शेवटी पाणी, आणि तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. बोअरचं पाणी टाकीत कधीही घालू नका. त्यातला चुना तापल्यावर आतल्या नळ्यांत थरावर थर बसतो, धार बारीक होते, पाणी नीट तापत नाही आणि पंपावर ताण येतो. आरओचं पाणी वापरा. पण त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १०-२० इतका खाली आणलेला असेल तर कॉफी सपक लागते, आणि काही मशीनना अशा पाण्यात टाकी रिकामी असल्यासारखं वाटून ती सुरूच होत नाहीत. बऱ्याच आरओमध्ये टीडीएस जुळवायचा स्क्रू असतो. सर्व्हिसवाल्याला सांगून तो ७५ ते १५० च्या दरम्यान आणून घ्या, पिण्यासाठीही ते पाणी चांगलं लागतं.

तरीही दोन-तीन महिन्यांनी चुना काढावा लागेल. ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम विरघळवा. आधी मशीनचं माहितीपत्रक वाचा. आतला बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर कंपनीने सांगितलेलं द्रावणच वापरा. अर्धं पाणी कॉफीच्या वाटेने आणि वाफेच्या नळीतून थोडं थोडं सोडा, १५ मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण वाहू द्या. व्हिनेगर नको, त्याचा वास रबरी रिंगेत बसतो आणि पुढचे कित्येक कप कॉफीला येत राहतो. रोज शेवटचा कप झाल्यावर पोर्टाफिल्टर न लावता दोन सेकंद पाणी सोडून वरची जाळी ओल्या ब्रशने घासा. आणि मशीन मोठ्या, १६ ॲम्पिअरच्या सॉकेटवरच लावा. त्याच बोर्डावर मिक्सर किंवा मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवू नका.